आपल्या चालींचा इतिहास आणि त्या ठेवायला एक खोली





ग्रंथाच्या मंडळींनी मला सांगितलं, "बुवा, इतिहासाचा एक लेख तुमचा पाहिजे." मी म्हटलं, माझी शाळा चौथीपर्यंत, त्यानंतर हातात आली ती नांगराची मूठ. ते म्हणाले, कीर्तनात बोलता तसं लिहा. पण कीर्तनाला उभं राहणं वेगळं आणि कागदापुढं बसणं वेगळं. कीर्तनात दम लागला तर मागचे टाळकरी धृपद उचलतात, तेवढ्यात माणूस सावरतो. कागदावर कोणी उचलत नाही. चूकभूल झाली तर लेकराची समजून पोटात घाला.

दिंडी कोणी काढली, पहिला विणा कोणाच्या गळ्यात आला, हे या ग्रंथात दुसऱ्यांनी लिहिलेलं आहे. मी लिहिणार ते चालींबद्दल. शंभर वर्षं आपण गात गेलो, तर काय गात गेलो आणि त्यातलं आज कुणाच्या गळ्यात काय शिल्लक आहे? शताब्दीच्या बैठकीत एक विषय निघाला होता, की पेण आणि रोहा या दोन तालुक्यांतल्या जुन्या चाली, वह्या, कॅसेटी एका जागी ठेवायला एक केंद्र करावं. त्या दिवशी त्यावर बोलणं कमी आणि आवाज जास्त झाला. म्हणून इथं सविस्तर मांडतो.

आधी एक गोष्ट. नवीन पोरं विचारतात, आपली दिंडी आषाढीला का नाही जात? बाबांनो, आषाढात इथं लावणी असते. राब तयार झालेला, शेतात चिखल, आणि खारेपाटाच्या माणसाला तर उधाणाची भरती आली की रात्री बत्ती घेऊन बांधावर फिरावं लागतं, कुठं खांड गेली तर वर्षाचा भात खाऱ्या पाण्यात जातो. अशा वेळी घर सोडून पंढरीला कोण जाणार? म्हणून कोकणचा वारकरी भात कापून, झोडून, कणग्यात टाकून मग निघतो. कार्तिक वद्य एकादशीला आळंदी, आणि माघ शुद्ध एकादशीला पंढरपूर. माघी वारीला कोकणातली माणसं जास्त दिसतात त्याचं कारण हेच. देवानंसुद्धा आमच्या शेतीचं वेळापत्रक सांभाळून घेतलंय.

हे सांगायचं कारण, आपल्या चाली या वाटेवर घडल्या. पेणकडची मंडळी आणि नागोठणे, पालीवरून येणारी रोह्याकडची मंडळी खोपोलीला एकत्र येतात. तिथं साजगावला विठोबाची कार्तिकातली यात्रा चालूच असते. तुकोबाराय मिरचीच्या व्यापाराला कोकणात उतरत आणि तिथं येत, असं लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. त्याच्यापुढं बोरघाट. सपाटीवर पावली खेळत, उड्या मारत जी चाल म्हणता येते ती घाट चढताना म्हणता येत नाही, छाती भरून येते. म्हणून जुन्या मंडळींनी घाटाला वेगळी चाल धरली होती. ओळ लहान तोडायची, मधे टाळाचे दोन ठोके मोकळे सोडायचे, तेवढ्यात श्वास. मागची फळी उचलेपर्यंत पुढच्यानं चार पावलं टाकायची. पखवाजवालासुद्धा डावीकडं जास्त दाबायचा नाही. आम्ही तिला 'घाटाची' म्हणतो, दुसरं नाव नाही. मी लहानपणी आजाच्या खांद्यावरून ती ऐकली. आता पुढं टेंपो असतो, त्यावर कर्णा असतो, गाड्यांचे भोंगे असतात. टेंपोला दम लागत नाही. त्यामुळं घाटाची चाल कोणाला लागत नाही.

आपल्याकडं चाली आल्या त्या मला वाटतं तीन वाटांनी आल्या.

एक आळंदीची वाट. विष्णुबुवा जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. पुढं सोनोपंत दांडेकर मामांसारखी माणसं त्या परंपरेत झाली. तिथं शिकून आलेल्यांनी गावोगाव काकडा, हरिपाठ, भजनी मालिका एका शिस्तीत बसवली. पंचपदी कशी, रूपाचा अभंग कधी, गौळण कधी, हे सगळं. आपल्याकडं सप्ताहाच्या पत्रिकेवर गुरुवर्य अलिबागकर महाराज, गोपाळबाबा वाजे यांची नावं आधी येतात, ती उगीच येत नाहीत. त्यांच्यामुळं या भागात सांप्रदाय रुजला. सांप्रदायिक चाल म्हणतात ती साधी असते, सगळ्यांच्या गळ्याला झेपेल अशी. तिच्यात एकट्यानं मिरवायचं काही नाही.

दुसरी मुंबईची वाट. आमच्या वडिलांच्या पिढीत घरटी एक माणूस मुंबईला. रेल्वे रोह्याला पोचली १९८६ ला, त्याच्या आधी कोण धरमतरहून बोटीनं, कोण एसटीनं. गिरणीत पाळी, चाळीत बिऱ्हाड, आणि गुरुवारी-शनिवारी चाळीच्या खोलीत भजन. तिथं सगळ्या कोकणची माणसं, त्यामुळं खालच्या कोकणातली डबलबारीची तऱ्हा आमच्याकडच्या माणसांनी तिथं ऐकली. नाटकांचीही हवा होती. बालगंधर्वांचं कान्होपात्रा १९३१ साली आलं, मास्टर कृष्णरावांच्या चाली, त्यातले अभंग चाळीतल्या भजनात शिरायला काय वेळ लागतो? सुट्टीला गावी आला की तो माणूस नवीन चाल घेऊन यायचा, जशी पोरांना खाऊची पुडी आणायची तशी. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप झाला, आमचे वडीलही त्यात घरी आले ते आलेच. ट्रंकेत दोन धोतरं आणि एक टाळजोडी. पैसा नव्हता. पण गावाचं भजन त्या दोन-चार वर्षांत जेवढं रंगलं तेवढं मी पुन्हा पाहिलं नाही, कारण मुंबईचे सगळे गळे एकदम गावात परत आले होते. हे बोलू नये, पण खरं आहे.

तिसरी वाट मातीची. ही कोणी मोजत नाही. आई लावणी लावताना जे गायची त्याची चाल आणि आपली एक जुनी गौळण, दोन्हीची चाल एकच आहे, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. तेही कसं, तर शेतात एकटा होतो, तोंडात गौळण होती आणि पायाखाली चिखल, आणि एकदम आईचाच आवाज आठवला. मग विचार केला, आधी कोण? भजनातून बाया घेऊन गेल्या, का बायांच्या तोंडून भजनानं घेतली? माझा कौल बायांना. बाया जात्यावर, उखळावर, शेतात रोज गातात, आपण पंधरवड्याला एकादशी आली की गातो.

आता मुख्य गोष्ट. संतांचे शब्द राहिले. तुकोबारायांच्या वह्या इंद्रायणीत गेल्या, तेरा दिवसांनी तरल्या, ही कथा आपण सगळे सांगतो. संताजी जगनाड्यांच्या घरात लिहिलेल्या वह्या जपल्या गेल्या. इंग्रजांच्या काळात शंकर पांडुरंग पंडित आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी जुन्या पोथ्या मिळवून गाथा छापली, १८६९ आणि १८७३ असे दोन भाग, तेही सरकारी मदतीवर. १९५० साली मुंबई सरकारनं पुन्हा गाथा काढली. म्हणजे शब्दांची काळजी दीडशे वर्षांपासून घेतली जातेय. पण गाथेत चाल छापलेली नाही. चाल कागदावर उतरत नाही आणि पाण्यावर तरंगत नाही. ती गळ्यात असते, गळा गेला की गेली.

गाण्याच्या मोठ्या लोकांनी हे काम केलं. विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव, संस्थानोसंस्थान फिरून उस्तादांकडच्या चिजा मिळवल्या, स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तक मालिका छापली. किती उस्तादांनी त्यांना दारातून परत पाठवलं असेल! पण तो माणूस नाद सोडीना. आणि घाटाच्या वर, मुळशी-मावळच्या बाजूला, हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. गी हे मूळचे फ्रान्सचे. बायांच्या शेजारी बसून, ओवी लिहून, पुढं ध्वनिमुद्रण करून, लाखावर ओव्या झाल्या. आज त्या कोणालाही ऐकायला मिळतात, ओवी म्हणणाऱ्या बाईच्या नावासकट, गावासकट. मला त्यातलं हे सर्वांत आवडलं. नाहीतर आपल्याकडं "पारंपरिक" एवढा शब्द घातला की बाईचं नाव पुसायला मोकळे. ताम्हिणी उतरलं की आपलाच जिल्हा. घाटावर झालं ते घाटाखाली का होऊ नये?

आपल्याकडं काय झालं ते सांगतो. १९८९ च्या जुलैत अंबा नदीला पूर आला. जांभूळपाड्याला किती माणसं गेली ते अजून आठवलं की अंगावर काटा येतो, नागोठण्यात घरं पाण्याखाली. आमच्या गुरुबाबांच्या बहिणीचं घर नदीकाठाला होतं. तिच्या सासऱ्यांचं भजनाचं बाड, हातानं शिवलेलं, फळीवर ठेवलेलं, फळीसकट गेलं. माणसं वाचली म्हणून त्या वेळी बाडाचं दुःख कोणी केलं नाही, करायचंही नसतं. पण त्यात काय होतं ते आता सांगायला कोणी नाही. पुढं २००५ चा पाऊस. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ. आमच्या देवळाचे पत्रे उडाले, आणि माळ्यावर एका पेटाऱ्यात ३७ कॅसेटी होत्या, जुन्या सप्ताहांच्या. त्या आम्ही तिसऱ्या दिवशी बघितल्या. पुसून उन्हात ठेवल्या, म्हणजे आम्ही आमच्या हातानं वाट लावली. ओली कॅसेट उन्हात ठेवायची नसते आणि बुरशी आलेली टेपमध्ये घालून वाजवायची तर मुळीच नसते, हे नंतर एका जाणत्या पोरानं सांगितलं. आता त्यातल्या किती वाजतील देव जाणे. अजून पेटाऱ्यात आहेत.

पूर आणि वादळ दिसतं तरी. दुसरं जे झालं ते गोड आवाजात झालं. रेडिओवर, मग कॅसेटीवर भीमसेन जोशींची अभंगवाणी आली, राम फाटकांच्या, श्रीनिवास खळ्यांच्या चाली आल्या, लताबाईंचे 'अभंग तुकयाचे' आले. काय त्या चाली! मी स्वतः कीर्तनात घेतो, लोकांना आवडतात, आणि खोटं कशाला बोलू, मलाही आवडतात. पण एक अभंग म्हणायला घेतला की आता दहा गावं त्याच एका चालीत म्हणतात. पूर्वी वडखळची वेगळी, कोलाडकडची वेगळी, आणि समोरच्या बुवाला आपली चाल ऐकवायची हौस. यात त्या थोर लोकांचा दोष तिळमात्र नाही. त्यांनी आपला दिवा लावला, आपण आपले विझवले.

आता माझा दोष सांगतो. तो या लेखात लिहायचा का नाही यावर चार रात्री गेल्या.

माझे गुरुबाबा रोह्याकडचे, कुंडलिकेच्या काठचे. शाळेत गेलेच नव्हते, अक्षर मोठेपणी शिकले. त्यांचं एक बाड होतं. त्यात अभंगाच्या अक्षरांवर खुणा. कुठं उभी रेघ, कुठं टिंब, कुठं चंद्रकोर, कुठं दोन अक्षरांना जोडणारी कमान. ही त्यांची स्वतःची स्वरलिपी. भातखंड्यांचं नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं, पण अडचण तीच आणि उपायही तोच. शेवटच्या काळात त्यांनी ते बाड मला दिलं आणि म्हणाले, "खुणा समजून घे, आठ दिवस येऊन राहा." मी म्हटलं, बाबा, झोडणी उरकते आणि येतो. झोडणी झाली तर वाल पेरायचे होते. वाल झाले तर मुलीचं बघायला पाहुणे. पौषात बाबा गेले. बाड माझ्याकडं आहे, लाल फडक्यात, देव्हाऱ्याखाली. अभंग वाचता येतात, ते तर गाथेतही आहेत. खुणा वाचता येत नाहीत. आठ दिवसांची गोष्ट होती.

पुढं बरीच वर्षं ते मी कोणाला दाखवलं नाही, लाजेनं. मग दोन वर्षांपूर्वी एका सप्ताहात नागोठण्याकडचे एक जुने टाळकरी भेटले. वय शहाऐंशी, दम्याचा त्रास, काठी. ते बाबांच्या शेजारी वीस वर्षं उभे राहिलेले. त्यांच्यापुढं बाड उघडलं. बोट फिरवत फिरवत ते एका पानावर थांबले आणि बारीक आवाजात म्हणायला लागले. घाटाची! उभी रेघ म्हणजे टाळाचा ठोका मोकळा सोडायचा, चंद्रकोर म्हणजे आवाज वर नेऊन तसाच ठेवायचा. त्यांना बाबांनी शिकवलं नव्हतं, बघून बघून कळलेलं.

मी म्हटलं, दादा, मोबाईलमध्ये भरून घेऊ का? ते म्हणाले, "नको. गुरूची वस्तू डबीत नाय घालायची. तू शिक." मी म्हटलं, माझा गळा आता साठीचा, मी शिकून किती दिवस? त्यांनी उत्तर दिलं नाही. त्यांच्या नकारालाही कारण होतं, ते मला नंतर त्यांच्या मुलानं सांगितलं. पूर्वी मुंबईची एक कंपनी येऊन त्यांच्या मंडळाचं भजन भरून घेऊन गेली होती. शाल आणि श्रीफळ दिलं. पुढं स्वतःचं भजन ऐकायला त्यांना बाजारात कॅसेट विकत घ्यावी लागली आणि वर नाव दुसऱ्याच बुवाचं.

म्हणून केंद्राचा पहिला नियम मी बैठकीत हाच मांडला, की गाणाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय काही भरायचं नाही, आणि परवानगी मराठीत, वाचून दाखवून. काय भरलं, कोणाला ऐकवायचं, कोणाला नाही, विकायचं नाही, नाव कुठं लागेल, हे सगळं त्यात. वकील भाऊंनी सांगितलं की कॉपीराइटच्या कायद्यात गाणाऱ्याचा स्वतंत्र हक्क १९९४ पासून आहे आणि आता तो ५० वर्षांचा आहे. तो कायदा त्या टाळकऱ्यांच्या घरी कोणी पोचवला नव्हता. हा नियम त्यांना सांगितला तेव्हा ते म्हणाले, "मग बघू." वारकऱ्याच्या तोंडचं 'मग बघू' म्हणजे निम्मा होकार. मागच्या माघात त्यांनी दोन बैठकी दिल्या. बाडातल्या चाळीस चालींपैकी अकरा झाल्या. नंतर पाऊस आला, दमा वाढला.

आता संस्था कशी करायची ते. वकील म्हणाले, 'ना नफा' तत्त्वावरची संस्था. मी म्हटलं, शेतकऱ्याला ते तत्त्व शिकवायला नको, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या त्यावरच चालतो. हसण्यावारी गेलं, पण कागद नीट पाहिजेत. १८६० च्या कायद्याखाली संस्था नोंदवायला निदान सात जण लागतात, आणि आपल्या राज्यात ती १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवावी लागते. त्याचं काम अलिबागला धर्मादाय कार्यालयात. दरवर्षी हिशोब तपासून द्यायचा, विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कळवायचं. आपल्या माणसांना हिशोबाची भीती वाटते, मला हिशोब नसण्याची वाटते. दिंडीचा निधी आणि केंद्राचा निधी वेगळ्या वहीत पाहिजे. अन्नदानाच्या पैशातून यंत्र घेतलं असं कोणी म्हणता कामा नये.

मग वाद झाला जागेचा. पेणवाले म्हणाले पेणला, हमरस्ता आहे, मुंबईची माणसं येतील. रोहेकर म्हणाले रोह्याला, कोकण रेल्वे तिथूनच सुरू होते, आणि धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देतात असं गाव दुसरं दाखवा. दोन्हीकडं मान आहे. माझं म्हणणं एवढंच, की दोन्ही गावांत पाणी भरतं. भात आपण एकाच कणग्यात ठेवत नाही. तसं मूळ वस्तू एका जागी, आणि भरलेल्या आवाजाच्या तीन प्रती, एक पेणला, एक रोह्याला, एक घाटावर, आळंदीत आपल्या उतरायच्या ठिकाणी. मग भांडायचं कारणच उरत नाही. खोली मात्र पहिल्या मजल्यावर पाहिजे, पत्र्याची नको, आणि खाडीच्या वाऱ्याकडं खिडकी नको. कपाटात ओल धरू नये म्हणून सिलिका जेलच्या पुड्या. आपण मिठात तांदूळ टाकतो तेच तत्त्व, पण तांदळाला कीड लागते. कॅसेटीजवळ कर्णा ठेवायचा नाही, त्यात लोहचुंबक असतं. आणि आवाज भरताना एमपीथ्री करायचा नाही, डब्ल्यूएव्ही करायचा. पोरांनी मला फरक सांगितला तो असा, की एमपीथ्री म्हणजे पॉलिश केलेला तांदूळ, दिसायला कमी जागेत भरपूर, पण कोंडा गेलेला. बियाणं म्हणून ठेवायचं तर भातच ठेवलं पाहिजे.

प्रत्येक चालीबरोबर काय लिहायचं त्याचा कागद मी केला आहे. गाव, गाणाऱ्याचं नाव, त्याला कोणी दिली, त्या आधी कोणाकडं होती, कधी म्हणतात, काकड्याला का जागराला, पट्टी कोणती, ठेका कोणता, पेटी होती का नुसते टाळ. शेवटचा रकाना, "आता ही कोणाला येते?" तो रकाना भरताना हात थांबतो.

सगळ्यांत जास्त आवाज झाला तो याच्यावर, की कोणाचं गाणं ठेवायचं. एक ज्येष्ठ म्हणाले, वारकऱ्यांचं केंद्र, त्यात अभंग सोडून काही नको. आगऱ्यांच्या लग्नातल्या धवलारणीचे धवळे कशाला? मी त्यांना हात जोडून विचारलं, महाराज, मराठीतली आद्य कवयित्री म्हणतात ती महदंबा, तेराव्या शतकातली, तिनं काय रचलं? धवळेच. धवलारीण ही लग्न लावणारी बाई, तिला दोन-दोन दिवसांचं गाणं तोंडपाठ असतं. आता ऑर्केस्ट्रा येतो, तिला कोणी बोलावत नाही. पालखीपुढचा खालूबाजा, ठाकरवाडीवरचं गाणं, होळीचं, गौरीचं, हे सगळं ज्या हवेत वाढलं त्याच हवेत आपलं भजन वाढलं. तिसरी वाट मी वर सांगितली ती हीच.

आणखी एक, जे बैठकीत बोललो नाही ते इथं लिहितो. आपल्या गावांच्या खालच्या आळीत एकतारीवर भजन म्हणणारी माणसं होती. आमचे आजोबा सांगत, रात्री त्यांचं भजन ऐकायला ते ओट्याच्या टोकाला बसत, ओटा उतरत नसत. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला उपोषण केलं तेव्हा विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडलं. आमच्या दिंडीची फळी त्यानंतरही किती वर्षांनी उघडली ते इतिहास लिहिणाऱ्यांनी लिहिलेलं मला दिसलं नाही. ती माणसं पुढं बाबासाहेबांच्या मार्गानं गेली, त्यांनी एकतारी खाली ठेवली किंवा तिच्यावर भीमाची गाणी म्हटली. त्यांच्या नातवंडांकडं मी गेलो होतो. एकानं सांगितलं, आजोबांची एकतारी आहे, पण तुमच्या केंद्रात ठेवायला का द्यायची? मला उत्तर सुचलं नाही. मी चहा घेतला आणि पुन्हा येतो म्हटलं. पुन्हा जाणार आहे, एकतारीसाठी नव्हे, नुसतं बसायला.

गागोद्याला, आपल्याच पेण तालुक्यात, १८९५ साली विनोबा जन्मले. त्यांची आई भजनं गात असे, हे त्यांनीच सांगून ठेवलंय. त्या आईनं कुठल्या चालीत म्हटलं असेल? घर बघायला माणसं येतात, मीही गेलोय. पण घरात गाणं ऐकू येत नाही, येणार कसं?

पैशाबद्दल थोडं. इमारत नको, आधी काम. एक चांगलं ध्वनिमुद्रणाचं यंत्र, एक कपाट, आणि एक मुलगा किंवा मुलगी, जिला महिन्याचं मानधन देता येईल. धाटावच्या कारखान्यात पाळी करून येणारी पोरं रविवारी फुकट काम करतील म्हणून त्यांच्यावर विसंबू नका, तीन रविवार येतात, चौथ्याला झोपतात, आणि त्यांचंही बरोबर आहे. प्रत्येक वारकऱ्यानं वारीच्या वर्गणीत थोडं जास्त टाकावं अशी विनंती आहे. किती ते मंडळ ठरवेल. ज्याला पैसा जमत नाही त्यानं आपल्या गावातल्या जुन्या गळ्यांची यादी आणावी, ती पैशापेक्षा मोलाची. महिला मंडळानं पंधरा नावं दिलीसुद्धा. पुरुषांकडून आजपर्यंत चार आली आहेत.

यादी देताना फक्त मोठे बुवा लिहू नका. मागच्या फळीतला, ज्याचं नाव पत्रिकेवर कधी आलं नाही, तोच बहुतेक वेळा चाल जपून असतो, कारण त्याला नवीन काढायची हौस नसते.

येत्या दसऱ्यानंतर, पाऊस ओसरला की, मी बाड घेऊन नागोठण्याकडं जाणार आहे. एकोणतीस चाली राहिल्या आहेत. दादांचा दम सकाळी बरा असतो, नऊच्या आत. रोज दोन झाल्या तरी पंधरा दिवस लागतील, आणि भात तेव्हा कापायला आलेलं असेल. या वेळी भात माझा मुलगा कापेल. पट्टी धरायला एक पेटीवाला बरोबर पाहिजे, काळी एकची पेटी असली तर बरी, त्यांचा आवाज आता वर जात नाही. ज्यांना येता येईल त्यांनी मला देवळात सांगावं.